जगभरची कॉफी आणि एका वाटीचं विरजण

गेल्या दोनेक वर्षांत कॉफीची बाटली घेताना तुम्ही दोनदा किंमत वाचली असेल, तर त्यामागे मोठी घडामोड आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात, म्हणजे पुढच्या महिन्यांत द्यायच्या मालाचा भाव जिथे आज ठरतो त्या बाजारात, अरेबिका कॉफीने १९७७ चा विक्रम मोडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. ब्राझीलमध्ये पाऊस दडी मारून बसला होता आणि त्याआधी व्हिएतनामही कोरडा गेला होता.

ब्राझीलच्या पावसाशी आपल्या कपाचा संबंध का असावा, हा साधा प्रश्न आहे. जगातली एक तृतीयांशाहून थोडी जास्त कॉफी एकटा ब्राझील पिकवतो, हे त्याचं सोपं उत्तर. पण कॉफी मुळात ब्राझीलची नाहीच. ती तिथे कशी पोचली आणि जाताना किती थोडक्या झाडांच्या जिवावर गेली, हे कळलं की हे पीक इतकं नाजूक का आहे तेही कळतं.

त्यासाठी एक उपमा मनात ठेवा. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणलं, दही लावलं. त्यातलं चमचाभर नणंदेने नेलं, तिच्याकडून तिच्या जावेने. वर्षभरात अख्ख्या गावात दही लागतं, पण प्रत्येक भांड्यातलं दही त्या पहिल्या वाटीचंच असतं. जगभरची अरेबिका कॉफी जवळपास अशीच लागली आहे.

आधी फळ हातात घेऊन बघू

बाटलीतली भुकटी बघून कॉफीचं झाड डोळ्यांपुढे येत नाही. चिकमगळूरच्या एका मळ्यात मी पहिल्यांदा पिकलं फळ तोडलं तेव्हा ते करवंदाएवढं, लालबुंद होतं. बोटांनी दाबलं की साल फाटते आणि आत पातळ, गोडसर गर लागतो. त्याखाली बुळबुळीत थर असतो. तो धुतला की कागदासारखं कडक टरफल दिसतं आणि त्यात दोन बिया, सपाट बाजू एकमेकींना टेकवून बसलेल्या, डाळीच्या दोन दलांसारख्या. हीच ती कॉफी. कच्ची बी फिकट हिरवट असते आणि तिला कॉफीचा म्हणून काही वास येत नाही. आपण ज्याला कॉफीचा वास म्हणतो, तो भाजल्यावर जन्माला येतो.

दुकानात दोन नावं ऐकू येतात, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका चवीला नाजूक आणि सुगंधी, तिला डोंगरावरची थंड हवा लागते. रोबस्टा कडू, कडक, तरतरी आणणारं कॅफिन तिच्यात जवळपास दुप्पट, आणि ती सखल, गरम भागातही तग धरते. एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत जग जी कॉफी पीत होतं ती जवळपास सगळी अरेबिका, म्हणून आपली गोष्ट मुख्यतः तिची.

झाड आलं कुठून?

इथियोपियाच्या नैर्ऋत्येला कफ्फा नावाचा डोंगराळ, दाट जंगलाचा प्रदेश आहे. अरेबिका तिथली, आणि शेजारच्या दक्षिण सुदानमधल्या बोमा पठाराची. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं हे झुडूप आजही तिथे जंगली अवस्थेत उभं आहे.

तिचा जन्म मात्र विलक्षण आहे. रोबस्टा आणि युजेनिऑइडिस या कॉफीच्या दोन जातींचा लाखो वर्षांपूर्वी निसर्गातच संकर झाला आणि त्यातून अरेबिका आली. आनुवंशिक गुणांच्या धाग्यांना गुणसूत्रं म्हणतात. कॉफीच्या इतर जातींत ती २२ असतात, अरेबिकात ४४. एरवी बाळाला आईकडून अर्धी आणि बापाकडून अर्धी वही मिळते, इथे दोन्ही घरांच्या पाककृतींच्या वह्या पूर्णच्या पूर्ण आल्या. आपला पोळीचा गहूही अशाच नैसर्गिक संकरातून आलेला आहे.

या जन्मकथेची एक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते. अरेबिकाचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. रोबस्टाला दुसरं झाड लागतंच, अरेबिकाला लागत नाही. एकुलतं एक रोप परक्या बेटावर नेऊन लावलं तरी ते फळ धरतं, त्या फळांतून रोपवाटिका उभी राहते, आणि लेकरं जवळजवळ हुबेहूब आईसारखी निघतात. पुढच्या चोऱ्या, भेटी आणि धाडसं यशस्वी झाली, ती माणसांच्या हुशारीइतकीच या एका गुणामुळे.

मग काल्दीच्या शेळ्यांचं काय?

काल्दी नावाच्या इथियोपियन गुराख्याच्या शेळ्या लाल फळं खाऊन नाचू लागल्या आणि कॉफीचा शोध लागला, ही गोष्ट जवळपास प्रत्येक कॉफीच्या दुकानात भिंतीवर लिहिलेली असते. गोष्ट गोड आहे, पण ती पहिल्यांदा छापली गेली १६७१ मध्ये, रोममध्ये, अँटोनी नैरोन या विद्वानाच्या पुस्तकात. तोवर अरबस्तानात लोक दोनशे वर्षं कॉफी पीत होते, आणि त्यांच्या जुन्या लिखाणात शेळ्या नाहीत. काल्दी हे नावही नंतर चिकटलं. शेळीने कधी कॉफीचं फळ खाल्लंच नसेल असं नाही. पण इतिहास म्हणून ही कथा धरता येत नाही.

झाड इथियोपियाचं, मग पेय येमेनचं कसं?

इथे शब्दच मदतीला येतात. इथियोपियात कॉफीला आजही ‘बुना’ म्हणतात. अरबीत दाण्याला ‘बुन्न’. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला ‘बुंद’ म्हणत, तो शब्द याच घरातला. दुसरा शब्द ‘कहवा’. अरबीत तो आधी मद्यासाठी वापरला जायचा, मग या काळ्या पेयाला लागला. त्याचंच तुर्कीत ‘काहवे’ झालं, डचांकडे ‘कोफी’ आणि इंग्रजांमार्फत आपल्याकडे कॉफी.

म्हणजे बुंद हा दाण्याचा शब्द आणि कहवा पेयाचा. दोघांचे प्रवासही वेगळे झाले. पेय भराभर पसरलं, दाणा मात्र दीडशे-दोनशे वर्षं एका जागी अडकून राहिला. कॉफीचा इतिहास वाचताना गोंधळ होतो तो बहुतेक वेळा या दोन प्रवासांची सरमिसळ केल्याने.

लाल समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडली की इथियोपियासमोर येमेन. पंधराव्या शतकात तिथल्या सूफी साधकांत कॉफी पिण्याची चाल नक्की दिसते. एडनचे धब्हानी नावाचे एक विद्वान शेख आणि मोखा बंदराचे शेख शाधिली, या दोघांना तिचं श्रेय दिलं जातं. कारण अगदी व्यवहारी होतं. रात्रभर नामस्मरण करायचं तर झोप आवरायला हवी. आपल्याकडे जागराच्या रात्री दोन वाजता चहाची किटली फिरते, तसंच.

कैरोच्या अल-अझहरमध्ये राहणाऱ्या येमेनी सूफींच्या अशा रात्रीचं वर्णन जुन्या अरबी लिखाणात आहे. सोमवारी आणि शुक्रवारी रात्री ते जमत. तांबड्या मातीच्या मोठ्या भांड्यात कॉफी असे. त्यांचा प्रमुख छोट्या पळीने ती काढून उजवीकडून एकेकाला देत जाई, आणि तोंडाने सगळ्यांचा जप चालू असे. कॉफीचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर चित्र हेच आहे.

बंदी का आली, आणि टिकली का नाही?

मशिदीतून ही कॉफी बाजारात आली आणि तिच्याभोवती माणसं बसू लागली. तिथेच सत्तेचं डोकं दुखायला लागलं. १५११ मध्ये मक्केत खैर बेग नावाच्या अधिकाऱ्याला रात्री मशिदीच्या आवारात कंदिलाच्या उजेडात काही लोक कॉफी पिताना दिसले. त्याने धर्मशास्त्री बोलावले, हकीम बोलावले, कॉफी अहितकारक ठरवून घेतली आणि रस्त्यात पोती जाळली. कैरोहून सुलतानाचा हुकूम आला तो मात्र सौम्य होता. मेळावे नकोत असं त्यात होतं, पेयावर सरसकट बंदी नव्हती. जुन्या शब्दाचा मद्याशी असलेला संबंध विरोधकांच्या कामी आला, पण कॉफीने माणूस झिंगत नाही हे पिणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं.

पुढची वाट झरझर सांगतो. १५५० च्या दशकात अलेप्पोचा हकम आणि दमास्कसचा शम्स या दोघांनी इस्तंबूलमध्ये कॉफीघरं काढली. १६५२ मध्ये लंडनला पास्का रोझे याने पहिलं दुकान टाकलं. दुसऱ्या चार्ल्स राजाने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीघरं बंद करण्याचा फतवा काढला, आणि ओरड एवढी झाली की तो काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. एडवर्ड लॉइडच्या कॉफीघरात जहाजवाले आणि विमा उतरवणारे बसत, त्यातूनच लॉइड्सचा विमाबाजार उभा राहिला. मद्य न पिता शुद्धीत बसून बोलायची जागा मिळाली, की माणसं धंदा आणि राजकारण दोन्ही बोलतात. राजांना भीती होती ती याचीच.

हिंदुस्थानातही पेय झाडाच्या आधी आलं. जहांगीरच्या दरबारात आलेल्या थॉमस रो या इंग्रज राजदूताबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. इथले धर्म काटेकोर पाळणारे पुष्कळ लोक मद्याऐवजी कॉफी पितात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. सुरतेचे व्यापारी मोख्याला कापड नेत, परतताना बुंद आणत.

येमेनने बी बाहेर जाऊच दिलं नाही, हे खरं का?

दोनशे वर्षं जगाची कॉफी येमेनच्या डोंगरांवरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून येई. बैत अल-फकीहच्या बाजारात विकली जाई आणि मोख्याहून जहाजात चढे. अरब व्यापारी बिया उकळून किंवा भाजूनच विकत, म्हणजे कुणाला त्या पेरता येऊ नयेत, असं सांगितलं जातं.

यात तथ्य असेलही, पण उकळायची फारशी गरज नव्हती. ज्वारी कणगीत वर्षभर ठेवली तरी पेरली की उगवते. कॉफीची बी तशी नाही. पूर्ण वाळली किंवा तिचं टरफल काढलं, की तिची उगवण्याची ताकद काही महिन्यांत संपते. पोत्यात भरून उन्हातून, जहाजातून युरोपला पोचेपर्यंत बहुतेक दाणे आपोआपच मेलेले असत. म्हणून नेणाऱ्यांनी एक तर टरफलासकट ताज्या बिया लवकर नेल्या, नाहीतर जिवंत रोपंच नेली.

बाबा बुदन आणि सात बिया

मोखा ते आपला पश्चिम किनारा हे अंतर मोसमी वाऱ्यावर काही आठवड्यांचं. परंपरा सांगते, की १६७० च्या सुमारास सूफी संत बाबा बुदन हजहून परतताना सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या चंद्रगिरीच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या. डोंगराला आज बाबा बुदनगिरी म्हणतात.

बिया सातच होत्या का? सात हा शुभ आकडा, त्यामुळे तो कथेत सहज येऊ शकतो. सनही परंपरेने दिलेली. पण त्या काळात येमेनमधून बी कर्नाटक-मलबारकडे आलं, हे पुढच्या घटनांवरून उघड दिसतं. कारण डचांनी जावाला कॉफी नेली ती मलबारहून. १६९६ मध्ये नेलेली रोपं पुरात गेली, १६९९ मध्ये पुन्हा नेली आणि ती जगली. सात असोत की सत्तर, जगाच्या हिशेबात ते विरजण चमचाभरच होतं.

एका रोपातून अख्खा खंड

आता नीट लक्ष द्या, कारण चमचा आणखी लहान होत जातो. १७०६ मध्ये जावाहून कॉफीचं रोप ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात आलं. थंडीत ते जगावं म्हणून काचघरात ठेवलं. १७१४ मध्ये ॲमस्टरडॅमने त्याच वंशातलं एक झाड फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट दिलं. ते पॅरिसच्या राजउद्यानात वाढलं. त्याच्या रोपांपैकी एक गाब्रियेल द क्लिउ नावाच्या नौदल अधिकाऱ्याने १७२३ च्या सुमारास कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर नेलं. वाटेत पाणी कमी पडलं तेव्हा आपल्या वाट्याचं पाणी आपण रोपाला घातलं, असं त्याने म्हातारपणी स्वतःच लिहिलं. त्याचा दुसरा साक्षीदार नाही. पण रोपच का न्यावं लागलं, हे आता तुम्हाला माहीत आहे.

डचांनी १७१८ मध्ये सुरीनामला कॉफी नेली होती, तिथून ती शेजारच्या फ्रेंच गयानात गेली. १७२७ मध्ये फ्रान्सिस्को द मेलो पाल्येता हा ब्राझीलमधला पोर्तुगीज अधिकारी सीमेच्या वादाचं निमित्त करून गयानात गेला आणि बिया घेऊन ब्राझीलला परतला. गव्हर्नरच्या बायकोने निरोपाच्या फुलांत त्या लपवून दिल्या, अशी दंतकथा आहे. फ्रेंचांनी दुसऱ्या बाजूने, थेट येमेनहून, १७१५ मध्ये हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रीयुनियनवर, झाडं नेली. त्यातलीही मोजकीच तगली.

जावा-ॲमस्टरडॅमच्या वाटेने गेलेल्या वंशाला टिपिका म्हणतात, आणि बेटावरून गेलेल्याला बूर्बाँ. लॅटिन अमेरिकेतली बहुतेक अरेबिका या दोन घराण्यांतलीच.

हे मळे कुणी लावले?

रोपं नेणाऱ्यांची नावं इतिहासाने जपली, राबणाऱ्यांची नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी जगातली सुमारे निम्मी कॉफी सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतीत पिकत होती, आणि ती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती हा स्वतंत्र देश उभा राहिला. कॉफीचा केंद्रबिंदू मग ब्राझीलकडे सरकला, तिथेही गुलामांच्याच पाठीवर. ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली ती १८८८ मध्ये. जावातल्या शेतकऱ्यांना डचांना ठरावीक कॉफी सक्तीने द्यावी लागे. आफ्रिकेतलं झाड आणि आफ्रिकेतलीच माणसं, दोन्ही उचलून तिसऱ्या खंडात लावली गेली. कॉफीच्या कुठल्याही गोड कथेत हे सुटता कामा नये.

विरजण नासलं तर?

१८६९ मध्ये सिलोनमध्ये, आजच्या श्रीलंकेत, कॉफीच्या पानांखाली नारिंगी भुकटी दिसू लागली. हा तांबेरा, एक बुरशी. पान गळतं, झाड उपाशी पडतं. त्या वेळी सिलोन जगातल्या मोठ्या कॉफी उत्पादकांपैकी होता. वीसेक वर्षांत तिथली कॉफी जवळपास संपली आणि मळेवाले चहाकडे वळले. सिलोनचा चहा नावाजला गेला तो त्यानंतर.

एका मळ्यातलं झाड बळी पडलं की शेजारचंही पडतं, कारण दोघं सख्खी भावंडं. गावातल्या सगळ्या घरांची कुलपं एकाच किल्लीने उघडावीत, तसं. अशा वेळी उपयोगी पडते ती जनुकीय विविधता, म्हणजे एकाच जातीतल्या झाडांमध्ये असलेला आतला वेगळेपणा. अरेबिकात ती मुळातच कमी, कारण तिचा जन्मच एका संकरातून झाला. येमेनला जाताना ती आणखी घटली, पुढे जाताना आणखी. २०१२ मध्ये हाच तांबेरा मध्य अमेरिकेत पसरला आणि हजारो कुटुंबांची रोजी गेली.

पण दुकानात तर पन्नास प्रकारची कॉफी मिळते!

मिळते. कोलंबियाची, केनियाची, कुर्गची, आणि प्रत्येकीची चव वेगळी लागते. तो फरक बराचसा माती, उंची, पाऊस, धुण्या-वाळवण्याची पद्धत आणि भाजणी यांनी येतो. एकाच तांदळाचा भात, खिचडी आणि घावन करता येतो, तसा. तांबेऱ्याला ही चव दिसत नाही, त्याला आतलं झाडच दिसतं.

मग रोबस्टा आहे ना?

आहे, आणि तिनेच बऱ्याच ठिकाणी तारलं. तांबेऱ्याने जावाची अरेबिका खाल्ल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतून रोबस्टा आणून लावली गेली. भारतातही आज दोन तृतीयांशाहून जास्त कॉफी रोबस्टाच आहे. आपल्याकडे चिखलदऱ्याच्या थंड हवेतही थोडी कॉफी होते, पण पीक म्हणून ती मुख्यतः कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूची.

तिमोर बेटावर अरेबिका आणि रोबस्टाचा आपोआप संकर झालेलं झाड १९२७ मध्ये सापडलं. तांबेऱ्याला तोंड देणारे कितीतरी वाण त्याच्यापासून तयार झाले. कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात १९२५ पासून हेच काम चालतं. पण बुरशीही बदलते, आणि एकेकाळी टिकणारे वाण पुन्हा तिला बळी पडतात. शिवाय व्हिएतनामच्या दुष्काळात रोबस्टाचेच भाव विक्रमी चढले. म्हणजे तीही सगळं सोसते असं नाही.

नवी विविधता आणायची तर ती उरली आहे मुख्यतः तिथेच, जिथून चमचा उचलला होता, इथियोपियाच्या जंगलात. लंडनच्या क्यू उद्यानातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये कॉफीच्या १२४ जंगली जाती तपासल्या. त्यांपैकी ६० टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात निघाल्या, आणि जंगली अरेबिका त्यांत आहे.

आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधाची, साखरेची, वर जायफळ किसलेली. इथियोपियात बुना करायला निवांत तास-दीड तास लागतो. घरची बाई हिरवे दाणे धुते, तव्यावर भाजते आणि धुराचा वास घ्यायला तवा पाहुण्यांपुढे फिरवते. मग दाणे कुटून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळते. एकाच कुटलेल्या दाण्यांवर तीनदा पाणी घालून ती तीनदा वाढते. पहिला पेला अबोल, दुसरा तोना, तिसरा बरका, म्हणजे बरकत. तिसरा पिण्याआधी उठून जायचं नसतं.